नलगोंड्याचे पाणी

हैदराबादहून नागार्जुनसागरकडे जाणारा रस्ता इब्राहिमपट्टणम मागे पडल्यावर उघड्या माळावर येतो. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे, कुणी एकावर एक रचून ठेवावेत तसे उभे असतात. मधूनच ताडाची झाडे, कापसाची शेते आणि जिथे पाणी आहे तिथे मोसंबीच्या बागा. काळ्या बसाल्टाच्या मुलखात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांना हा गुलाबी-करडा दगड परका वाटतो. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळा आणि 'कोंडा' म्हणजे डोंगर, त्यावरून नलगोंडा हे नाव पडले. आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत मात्र हे नाव डोंगरासाठी येत नाही, पाण्यासाठी येते.

माझा दवाखाना नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या बाजूला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बसाल्टावर वसला असल्यामुळे आपल्याकडील विहिरींत फ्लोराइड सहसा बेताचे असते. पण राज्याच्या पूर्वेकडील कडेला, किनवट, यवतमाळमधील पांढरकवडा, चंद्रपूरमधील वरोरा या पट्ट्यात खडक बदलतो आणि पाणीही बदलते. आखडलेली कंबर आणि जड पाय घेऊन येणारी वृद्ध मंडळी मी गेली पंचवीस वर्षे पाहतो आहे. त्यांतील बहुतेकांना वयामुळे झालेली झीज असते. काहींना मात्र दुसरेच काही असते. ते दुसरे काय, हे ज्या भूमीवर सर्वांत ठळकपणे दिसले ती भूमी एकदा पाहावी, असे फार दिवस मनात होते. हैदराबादला भाच्याकडे जाणे झाले तेव्हा जानेवारीतील एक दिवस मी त्यासाठी राखून ठेवला.

सोबतीला एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक होते. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि नलगोंडा ही एकाच हैदराबाद राज्याची अंगे होती. मास्तरांचे वडील त्या काळात नांदेडला नोकरीस होते, त्यामुळे मास्तरांना मराठी कळते आणि थोडी बोलताही येते. अडले की ते दखनीचा आधार घेत. गाडी मर्रीगुडा मंडलाकडे वळली तेव्हा त्यांनी मला पहिला तेलुगू शब्द शिकवला : 'मंचि नीळ्ळू.' शब्दशः अर्थ चांगले पाणी. व्यवहारात पिण्याचे पाणी. खारट पाण्याला 'उप्पु नीळ्ळू' म्हणतात. आपणही गोडे पाणी आणि मचूळ पाणी असा भेद करतो तसाच. "पण सार," मास्तर म्हणाले, "आमचं वाईट पाणी जिभेला वाईट लागत नव्हतं. आम्ही ते चांगलं म्हणूनच प्यायलो."

फ्लोराइडला वास नाही, रंग नाही आणि या प्रमाणात चवही नाही. ग्रॅनाइट व नाइस जातीच्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. जमिनीतील पाणी या खडकांच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपत राहते आणि खनिजांतील फ्लोराइड त्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून खाली बसवते. पण येथील पाणी क्षारधर्मी आणि कॅल्शियमला कमी, त्यामुळे विरघळलेले फ्लोराइड तसेच राहते. पाऊस कमी, तलाव आटलेले आणि उपसा वाढलेला, म्हणून माणसे अधिकाधिक खोल गेली. उथळ विहिरीपेक्षा बोअरचे पाणी निर्मळ, अशी समजूत सर्वत्र आहे. जंतूंच्या बाबतीत ती बहुधा खरीही ठरते. खडकातील क्षारांच्या बाबतीत अनेकदा नेमके उलटे घडते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५ पर्यंत. या परिसरातील कित्येक विहिरींत ते याच्या अनेक पट होते. शिवाय ऊन कडक आणि शेतावर राबणारी माणसे. ती दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज पितात. त्यामुळे पाण्यातील आकडा तोच असला तरी येथे शरीरात जाणारे फ्लोराइड थंड मुलखापेक्षा कितीतरी अधिक असते.

गावात शिरताच मास्तरांनी ज्यांच्याकडे मला नेले ते गृहस्थ साठीच्या थोडे पुढचे होते. ओसरीवर खाटेच्या कडेला बसले होते. मी डाव्या बाजूने आत आलो, तर माझ्याकडे पाहण्यासाठी त्यांना खांद्यांसकट सगळे अंग वळवावे लागले. मान वळत नव्हती. उभे राहिले तेव्हा कमरेत वाकलेलेच राहिले. गुडघे पुरते सरळ होत नव्हते. त्यांच्या पत्नीला सगळे गाव 'अव्वा' म्हणते. त्या त्यांच्याहून थोड्याच लहान असतील. विचारल्यावर त्या जे सांगू लागल्या ते मास्तर मला भाषांतर करून सांगत होते.

कंबर आणि मान आखडल्याला वीस वर्षे झाली होती. त्याची दोघांना सवय झाली होती. वर्ष-दीड वर्षापासून मात्र नवे काही सुरू झाले होते. चालताना पाय ओढले जात. पायातील चप्पल निघून मागे राही आणि त्यांना ते कळतच नसे. कुणीतरी हाक मारून सांगावे लागे. शर्टाची बटणे अव्वा लावून देत. लघवीची भावना झाली की थांबवत नसे. "वय झालं," अव्वा म्हणाल्या, "आता असंच व्हायचं."

वैद्यकाच्या दृष्टीने ही वयाची लक्षणे नाहीत. ही मज्जारज्जूवर दाब आल्याची लक्षणे आहेत.

शरीरात शिरलेल्या फ्लोराइडपैकी बराचसा भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात, उरलेले हाडांत जाऊन बसते. दहा, वीस, तीस वर्षे हे चालू राहिले की हाडे जाड व घट्ट होतात, त्यांच्यावर काटे-कंगोरे वाढतात आणि हाडांना हाडांशी बांधणारे अस्थिबंधही हाडासारखे कठीण होऊ लागतात. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू ज्या पोकळीतून जातो तिच्या पुढच्या-मागच्या भिंतींना असेच अस्थिबंध आहेत. ते जाड झाले की पोकळी अरुंद होते आणि मज्जारज्जू किंवा त्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंची मुळे चेपली जातात. पाय ताठरतात, पायांची संवेदना कमी होते, हातांतील बारीक कामे अडतात, पुढे मूत्राशयावरचा ताबा सुटतो. क्वचित कानाकडे जाणाऱ्या मज्जातंतूची वाट अरुंद होऊन बहिरेपणही येते. म्हणजे पाण्यातील एक घटक आधी हाडाचा रोग निर्माण करतो आणि त्या हाडामुळे मज्जासंस्थेचा. हाडांचा फ्लोरोसिस झालेल्या सगळ्यांनाच हे होते असे नाही. सुमारे दहांतील एकाला, आणि तेही बहुधा आजार फार पुढे गेल्यावर, होते.

हे ज्ञान आपल्याच देशात घडले आहे. नेल्लोर भागातील शेतकऱ्यांनी आधी आपल्या बैलांचे पाय आखडताना पाहिले. १९३७ साली शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मुलखातील माणसांमधील हा विकार मज्जासंस्थेच्या लक्षणांसह नोंदवला. १९५५ मध्ये सिद्दीकी यांनी नलगोंडा जिल्ह्यातील रुग्णांविषयी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. पुढे पतियाळात अमरजित सिंग आणि जॉली यांनी, तर हैदराबादेत मेंदू-शल्यचिकित्सक डॉ. डी. राजा रेड्डी यांनी अशा रुग्णांवर अनेक वर्षे काम केले. आमच्या एमबीबीएसच्या काळात मात्र हा विषय दातांवरील डागांपुरता अर्ध्या तासात उरकला जाई. रोग गरिबांचा असला की पुस्तकातील त्याची जागाही आखडते, असे मला पुष्कळदा वाटते.

मास्तरांनी या भागातील आणखी एक गोष्ट सांगितली, जी पुढे मी वाचूनही पाहिली. नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी १९५५ साली झाली. धरण झाले, कालवे वाहू लागले आणि त्यानंतर जिल्ह्यातील तरुण मुलांमध्ये गुडघे आत वळलेले पाय दिसू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी १९७३ साली त्याची नोंद केली. त्यांचा तर्क असा होता की झिरपणाऱ्या पाण्याने जमिनीतील पाण्याची पातळी आणि क्षारता वाढली, त्यामुळे ज्वारीत मॉलिब्डेनम अधिक उतरू लागले, त्याने शरीरातील तांबे लघवीवाटे अधिक जाऊ लागले आणि फ्लोराइडचे दुष्परिणाम तीव्र झाले. एक सूक्ष्म घटक एकटा वागत नाही; तो दुसऱ्याला सोबत घेतो किंवा दुसऱ्याला बाहेर काढतो. म्हणूनच 'या घटकाने हा आजार होतो' अशी एका ओळीची समीकरणे मोबाइलवर आली की मी सावध होतो.

उपाय शोधण्यात एक मराठी मुलूखही होता. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने १९७० च्या दशकात पाण्यातील फ्लोराइड काढण्याची जी पद्धत विकसित केली तिला 'नलगोंडा तंत्र' असेच नाव आहे. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर मोजून घालायची, ढवळायचे, आणि साका खाली बसला की वरचे पाणी काढून घ्यायचे. घरी बादलीतही करता येते. मास्तरांच्या शाळेत असे पिंप होते. ते किती वर्षे चालले, असे विचारल्यावर ते हसले. "सार, रोज मोजून टाकायचं, रोज गाळ काढायचा. उत्साह असेपर्यंत चाललं."

तुरटीचे नाव निघाले की ज्येष्ठ वाचकांच्या मनात जो प्रश्न येतो तो मला ठाऊक आहे. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. मग तुरटी फिरवलेल्या पाण्याने, किंवा ॲल्युमिनियमच्या पातेल्याने, विस्मरणाचा आजार होतो काय? याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. ॲल्युमिनियम मेंदूला विषारी ठरू शकते हे निर्विवाद आहे, आणि ते सिद्ध झाले डायलिसिसच्या रुग्णांत. १९७० च्या दशकात काही केंद्रांत न शुद्ध केलेल्या पाण्यातील ॲल्युमिनियम थेट रुग्णांच्या रक्तात जाई. त्यांचे बोलणे अडखळू लागे, अंगाला झटके येत, बुद्धी झपाट्याने मंदावे. डायलिसिसचे पाणी शुद्ध होऊ लागले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. परंतु तोंडाने घेतलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्काही आतड्यांतून रक्तात जात नाही आणि निरोगी मूत्रपिंडे तेवढे बाहेर टाकतात. नैऋत्य फ्रान्समधील वृद्धांच्या एका दीर्घ अभ्यासात पाण्यातील अधिक ॲल्युमिनियम आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध दिसला. इतर अभ्यासांत तो सातत्याने दिसलेला नाही. तेव्हा घरातील पातेली फेकण्याची गरज मला वाटत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी लागली तर मोजकी फिरवावी, साका बसू द्यावा आणि वरचे पाणी गाळून घ्यावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र तुरटीच्या पाण्याबाबत आणि ॲल्युमिनियमयुक्त आम्लपित्ताच्या औषधांबाबत आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शेवटी या गावांची सुटका झाली ती नदीने. गावाच्या टोकाला उंच टाकी आहे. 'मिशन भगीरथ' योजनेतून घरोघरी नळ आले आहेत आणि त्यांतून कृष्णेचे पाणी येते. महाबळेश्वरला उगम पावून, वाई-सांगलीचा घाट बघून आलेली ती आपली कृष्णा. २०२० साली केंद्र सरकारच्या वतीने संसदेत सांगण्यात आले की तेलंगणात फ्लोराइडबाधित वस्ती उरलेली नाही. शाळेच्या पटांगणात खेळणाऱ्या लहान मुलांचे दात मी मुद्दाम पाहिले. पांढरे, स्वच्छ दात. त्यांच्या आईवडिलांच्या दातांवर तपकिरी आडव्या रेघा आहेत. एका पिढीत झालेला हा बदल ओठ उघडताच दिसतो आणि डॉक्टरला याहून सुखद दृश्य क्वचित पाहायला मिळते.

परंतु पाणी बदलले म्हणून हाड लगेच बदलत नाही. हाडांतील फ्लोराइड उतरायला वर्षानुवर्षे लागतात आणि एकदा कठीण झालेला अस्थिबंध पुन्हा मऊ होत नाही. वयाबरोबर मणक्यांची नेहमीची झीज त्यात मिसळली, की आधीच अरुंद झालेल्या पोकळीतील शेवटची जागाही जाते. तात आता चांगले पाणी पीत होते आणि तरीही त्यांचे पाय बिघडत होते, ते यामुळे.

मी त्यांना तीन साध्या कृती करायला सांगितल्या. फ्लोरोसिसच्या भागात काम करणारे कार्यकर्तेही याच करून घेतात. हनुवटी छातीला लावणे, दोन्ही हात डोक्यामागे नेणे, आणि गुडघे न वाकवता खाली वाकून पायाची बोटे धरणे. एकही जमली नाही. पण केवळ आखडलेपण असते तर एवढी घाई नव्हती. पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया वाढलेल्या होत्या, तळव्याला काडी ओढल्यावर अंगठा वर गेला. कोपर ते मनगट यांच्या क्ष-किरण चित्रात दोन हाडांमधील पडदाही हाडासारखा दिसतो, ही या रोगाची जुनी खूण आहे. पण त्यांना आता मानेचा आणि पाठीचा एमआरआय हवा होता. हैदराबादच्या 'निम्स'मध्ये अशा रुग्णांची माहिती असलेले तज्ज्ञ आहेत, असे मी मास्तरांकरवी सांगितले. शस्त्रक्रियेने दाब कमी करता येतो. हाड दगडासारखे असल्याने ती सोपी नसते आणि गेलेले सगळे परत मिळेल असे वचन कुणी देऊ नये. मात्र लवकर केली तर उरलेले पुष्कळदा वाचते. मुलगा हैदराबादला रिक्षा चालवतो. त्याला त्याच दुपारी फोन लावला.

अव्वांना मी जे सांगितले ते घरी अशा व्यक्तीची सेवा करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मान कुणाकडूनही मोडून किंवा झटका देऊन घेऊ नये. जोराची मालिशही नको. पडणे सर्वांत घातक, म्हणून रात्री न्हाणीच्या वाटेवर दिवा, आणि पायात मागून पट्टा असलेली चप्पल. पायांना स्पर्श कमी कळत असेल तर शेक देणारी पिशवी आधी स्वतःच्या हाताने पाहावी, नाहीतर भाजते. टाचा आणि माकडहाड रोज पाहावे. लघवी तुंबू लागली, किंवा पायांतील ताकद काही दिवसांत झपाट्याने कमी झाली, तर 'वय झाले' म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आहाराने हा रोग बरा होत नाही, पण दूध, पालेभाज्या आणि आवळ्या-लिंबासारखी फळे शरीराला साथ देतात. चिंचेमुळे लघवीवाटे फ्लोराइड अधिक जाते, असे पोषण संस्थेच्याच एका प्रयोगात शाळकरी मुलांत दिसले आहे; तेलंगणातील घरांत चिंच भरपूर असते हे ऐकून अव्वा खूश झाल्या. काळा चहा मात्र जपून, कारण चहाच्या पानांत फ्लोराइड असते.

आपल्याकडे ज्यांचे पाणी बोअरचे आहे त्यांनी ते एकदा तपासून घ्यावे. नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत न्यावा, काचेच्या नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा असते आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळाही ही तपासणी करतात. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढते. साधी कॅन्डल, अतिनील दिव्याचे यंत्र किंवा तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवणे यांनीही जात नाही. आरओ यंत्राने किंवा सक्रिय ॲल्युमिनाच्या गाळणीने जाते. पण आपले पाणी मुळात ठीक असेल तर केवळ भीतीपोटी आरओ बसवून घेऊ नका. आणि वडीलधारी मंडळी आता पुण्या-मुंबईत मुलाकडे राहत असली, तरी डॉक्टरांना आयुष्यातील पहिली चाळीस वर्षे कोणत्या गावात गेली आणि पाणी विहिरीचे होते की बोअरचे, हे आपण होऊन सांगा. शहरातील डॉक्टरला ते विचारायचे सुचेलच असे नाही.

निघताना वेशीपाशी एक हातपंप दिसला. त्याला लाल रंग दिलेला होता. पिऊ नये याची ती खूण. गुरांना आणि धुण्याला त्याचे पाणी वापरतात, असे मास्तर म्हणाले. पंपाची दांडी गंजलेली नव्हती, हाताळून गुळगुळीत झाली होती. मी तिच्याकडे पाहतो आहे हे त्यांनी पाहिले. "उन्हाळ्यात कधी दोन दिवस नळ आला नाही तर, सार," ते म्हणाले, "मग लाल काय आणि निळा काय."